छोट्या गावाच्या मधल्या भागाचा प्लॅन करायला क्यूजीआयएस: फुकट आहे आणि खरंच कामाचं आहे

रेटिंग: ५ पैकी साडेचार

आधी एक सांगतो, हा रिव्ह्यू एका ठराविक कामापुरता आहे. शहराचा विकास आराखडा नाही, हायवे नाही. छोट्या गावाचा जुना मधला भाग, जिथे घरं एकमेकांना चिकटून आहेत, गल्ल्या अरुंद आहेत, मधेमधे बखळी (घरांमधल्या रिकाम्या जागा) पडल्यात, काही घरांना वर्षानुवर्षं कुलूप आहे आणि तरी नवीन घर बांधायचं म्हटलं की सगळे गावाबाहेर प्लॉट बघायला जातात. अशा ठिकाणी घरं कुठे बसतील, रस्ता नेमका कुठे कमी पडतोय आणि मधल्या रिकाम्या जागांचं काय करायचं, हे ठरवायला क्यूजीआयएस, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे बनवायचं आणि मोजायचं सॉफ्टवेअर, कितपत उपयोगी पडतं तेवढंच लिहितोय.

तर उपयोग खूप होतो, आणि माझ्या मते त्याचं मुख्य कारण म्हणजे हे सॉफ्टवेअर तुम्हाला स्वप्नातलं गाव काढायच्या आधी असलेलं गाव मोजायला लावतं. गावाच्या मीटिंगमध्ये "आत जागाच नाही" हे वाक्य इतक्या ठामपणे बोललं जातं की कोणी मोजायच्या भानगडीत पडतच नाही, आणि मोजलं की जागा निघते.

थोडी माहिती, ज्यांनी नाव ऐकलं नाही त्यांच्यासाठी. गॅरी शर्मन यांनी २००२ साली हे सुरू केलं, आज जगभरातले लोक मिळून चालवतात, जीपीएल लायसन्स आहे म्हणजे पैसे नाहीत, लायसन्स-की टाकायची भानगड नाही, वर्षाचं रिन्यूअल नाही. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. छोट्या गावाच्या ऑफिससाठी ही फार मोठी गोष्ट आहे, कारण सल्लागार नकाशा देऊन निघून जातो आणि पुढच्या वर्षी त्यात एक घर वाढवायचं झालं तरी परत त्याच्याकडे जावं लागतं. इथे फाइल तुमच्याकडे राहते आणि ती उघडायला कोणाची परवानगी लागत नाही.

आता मुख्य काम, बखळींचा लेयर. एक पॉलिगॉन लेयर (नकाशावरचा बंद आकारांचा थर) बनवायचा, प्रत्येक जागेचा आकार काढायचा आणि टेबलमध्ये मोजके कॉलम ठेवायचे: सध्याची अवस्था काय (मोकळी, पडकी, कुलूपबंद, अर्धवट वापरात), रस्त्याला लागून रुंदी किती, आत खोली किती, मालक एक की वाटण्या होऊन अनेक, आणि मालकाला त्या जागेचं करायचंय काय. हा शेवटचा कॉलम बहुतेक जण ठेवतच नाहीत, पण तो नसेल तर बाकी नकाशा नुसता रंगीत कागद आहे, कारण जागा रिकामी असणं आणि जागा मिळणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जर्मनीत हे काम बरंच पुढे गेलंय. बव्हेरिया राज्यात गावांना अशा रिकाम्या जागांची नोंद ठेवायला सरकारकडून डेटाबेस फुकट मिळतो आणि त्यात मालकांशी झालेल्या विचारपुशीचीही नोंद ठेवता येते. तिथल्या बांधकाम कायद्यात २०१३ पासून लिहिलंच आहे की विकास आधी वस्तीच्या आत करायचा. कारण तिथल्या खेड्यांनी ते भोगलंय, कडेकडेने नवी घरं होत गेली आणि मधला भाग ओस पडला, मग रस्ते, पाण्याची लाइन, दिवे सगळं दुप्पट लांबीचं सांभाळायचं आणि माणसं तेवढीच. आयर्लंडने २०१८ च्या राष्ट्रीय आराखड्यात ठरवलं की नव्या घरांपैकी किमान ४० टक्के आधीच वसलेल्या भागात व्हायला हवीत. म्हणजे हा विचार काही हौशी लोकांचा नाही.

लेयर भरला की स्टॅटिस्टिक्स पॅनेलमध्ये एकूण क्षेत्रफळ लगेच दिसतं आणि आकडा बघून सगळे खूश होतात, पण कृपया नुसत्या क्षेत्रफळावर जाऊ नका. ३०० चौरस मीटरची जागा आहे पण रस्त्याला अडीच मीटरच लागून आहे, तर तिथे एकट्याने घर बसत नाही, शेजारच्या पडक्या जागेशी जोडली तर कदाचित दोन बसतील. म्हणून मी रंग क्षेत्रफळावर न देता दर्शनी रुंदीवर द्यायला सांगतो, सिंबॉलॉजीमध्ये (लेयरच्या रंगांच्या सेटिंगमध्ये) ग्रॅज्युएटेड निवडून कॉलम बदलला की झालं. त्याच नकाशात मग कुठल्या जागा एकेकट्या चालतील आणि कुठल्या जोडूनच चालतील हे कोणालाही न समजावता कळतं.

दुसरी गोष्ट सामासिक अंतराची, म्हणजे प्लॉटच्या हद्दीपासून बांधकामापर्यंत सोडायच्या जागेची, आणि यासाठी तर मी या सॉफ्टवेअरला मनापासून हात जोडतो. बांधकामाचे नियम बहुतेक वेळा नवीन लेआउट डोळ्यासमोर ठेवून लिहिलेले असतात, चारही बाजूंनी जागा सोडा वगैरे. तेच जुन्या भागाला लावलं की काय होतं ते बघा. १० बाय २० मीटरचा प्लॉट, म्हणजे २०० चौरस मीटर. पुढे ३, मागे ३, दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर सोडलं की उरतं ७ बाय १४, ९८ चौरस मीटर, निम्म्यापेक्षा कमी. आणि हा चांगला रुंद प्लॉट झाला. ६ मीटर रुंदीच्या जागेत बाजू सोडून ३ मीटर राहतात, त्यात जिना घातल्यावर खोली कुठे काढणार? आजूबाजूची सगळी घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत आणि मधल्या जागेला मात्र ती मुभा नाही, मग ती बखळच राहते, मालक आळशी आहे म्हणून नाही. क्यूजीआयएसमध्ये बफर टूलला उणे आकडा दिला की प्लॉट आतून आकसतो आणि बांधता येणारा भाग दिसतो. हे टूल सगळ्या बाजूंना सारखंच अंतर धरतं, पुढे-मागे वेगळं हवं असेल तर त्या कडा हाताने आत घ्याव्या लागतात, तेवढा वेळ द्या. सगळ्या जागांवर हे करून नियम आहे तसा आणि सामाईक भिंतीला परवानगी दिली तर, असे दोन नकाशे शेजारी ठेवले की नियम बदलायची चर्चा भाषणबाजीशिवाय सुरू होते.

रस्त्यांचं बघू. प्रत्येक गल्ली एक लाइन, पण एका गल्लीला एक रुंदी लिहू नका, जिथे रुंदी बदलते तिथे लाइन तोडा. हे कंटाळवाणं आहे, मान्य, पण सगळी गंमत यातच आहे. ब्रिटन सरकारने २००७ मध्ये इंग्लंड आणि वेल्ससाठी मॅन्युअल फॉर स्ट्रीट्स काढलं, त्यातले आकडे तुलनेला चांगले आहेत: दोन कार कशाबशा एकमेकींना ओलांडायला ४.१ मीटर, कार आणि ट्रक ४.८, दोन मोठी वाहनं ५.५. अग्निशमन गाडीला आगीच्या जागी काम करायला ३.७ मीटर लागतात, नुसतं तिथवर पोचायला थोड्या अंतरापुरतं २.७५ सुद्धा चालू शकतं, पण पंपाची गाडी घरापासून ४५ मीटरच्या आत यायला हवी आणि गाडीला २० मीटरपेक्षा जास्त रिव्हर्स यायला लागू नये. तुमच्याकडचा नियम वेगळा असेल तर तोच पाळायचा, पण या हिशोबाने गल्ल्या रंगवल्या की लक्षात येतं की आख्खी गल्ली रुंद करून दोन्ही बाजूंच्या घरांच्या ओसऱ्या पाडायची गरजच नसते. अडचण दोन-तीन ठिकाणी असते. तिथे कोपऱ्यावरची बखळ असेल तर तिचा तुकडा वळणासाठी किंवा गाड्या ओलांडायला ठेवला की काम होतं. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो कारण रस्ता रुंदीकरण हा शब्द आला की जुन्या भागाचा चेहराच जातो, आणि गेलेलं परत येत नाही.

आणि म्हणूनच सगळ्या बखळी भरायच्या नसतात. कुठल्या जागेतून लोक रोज पायी जातात, कुठून पावसाचं पाणी वाहून जातं, हे आधी बघा. प्रोसेसिंगमध्ये सर्व्हिस एरिया नावाचं टूल आहे, शाळा किंवा बस थांबा द्या, ४०० मीटर अंतर द्या, आणि गल्ल्यांमधून प्रत्यक्ष चालत कुठवर पोचता येतं ते दिसतं. लोक नकाशावर ४०० मीटरचा गोल काढतात तो खोटं बोलतो, कारण माणूस भिंतीतून जात नाही. एका बखळीतून दोन मीटरचा बोळ काढला की मागची आख्खी आळी जवळ येते, आणि तीच बखळ बांधून टाकली की लोकांना वळसा पडतो. हे टूल दोन्ही वेळा चालवून बघा आणि मगच ठरवा. पाण्यासाठी मात्र उपग्रहाच्या फुकट उंचीच्या डेटावर विसंबू नका, त्यातला एक चौकोन साधारण ३० मीटरचा असतो, त्यात चार-पाच घरं मावतात, गटाराचा उतार त्यातून कळणार नाही. पावसात जाऊन बघणं आणि लेव्हल काढून घेणं याला पर्याय नाही.

मोजमापाबद्दल अजून थोडं, कारण इथेच सगळं बिघडू शकतं. फोनचा जीपीएस मोकळ्या आकाशाखाली साधारण ५ मीटरपर्यंत चुकतो, गल्लीत भिंतींमुळे त्याहून जास्त. म्हणजे ३ मीटरची गल्ली फोनने मोजायचा प्रश्नच येत नाही, टेप किंवा लेझर मीटर घ्या, फोन फक्त "कुठली जागा" हे ओळखायला आणि फोटो काढायला. वरून घेतलेल्या फोटोवर घर काढताना लक्षात ठेवा की तुम्ही छप्पर काढताय, भिंत नाही, आणि छप्पर अर्धा-पाऊण मीटर बाहेर असतंच, दोन्ही बाजूंनी धरलं की गल्ली कागदावर मीटरभर अरुंद होते. लेयरचं सीआरएस (जागेचे आकडे कुठल्या पद्धतीत धरलेत ते) पण आधी बघून घ्या, लेयर अंशांमध्ये असेल तर बफरला दिलेले उणे दीड मीटर न राहता उणे दीड अंश होतात, लेयर यूटीएमसारख्या मीटरमधल्या सीआरएसमध्ये बदलून घ्या. आणि प्लॉट काढायच्या आधी स्नॅपिंग (रेघ शेजारच्या कडेला आपोआप चिकटणं) चालू करून ओव्हरलॅप टाळायचा ऑप्शन लावा, नाहीतर शेजारच्या दोन प्लॉटमध्ये केसाएवढ्या फटी राहतात आणि मग हद्दीवरून जे बोललं जातं ते नकाशा मिटवू शकत नाही.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी खास: शेपफाइल (नकाशाचा डेटा साठवायचा जुना फाइल प्रकार) वापरू नका. तिच्यात कॉलमचं नाव जेमतेम १० बाइटचं असतं आणि देवनागरी अक्षराला प्रत्येकी ३ बाइट लागतात, म्हणजे तीन अक्षरांत नाव संपलं, एन्कोडिंग चुकलं तर आतला मजकूरही चौकोन-प्रश्नचिन्हांत जातो. जिओपॅकेज हा नवा फाइल प्रकार घ्या, ते डीफॉल्टच आहे आता. फक्त दोन माणसांनी दोन कॉम्प्युटरवरून एकाच जिओपॅकेजमध्ये एकाच वेळी एडिट करू नये, तसं करायचं असेल तर पोस्टजीआयएस (सर्व्हरवरचा नकाशांचा डेटाबेस) लावावं लागतं आणि ते छोट्या ऑफिसला जड जातं.

प्रिंट लेआउट झकास आहे. १:५०० ला मोठ्या कागदावर काढा, १ सेंटीमीटर म्हणजे ५ मीटर, लोकांना आपलं दार सापडतं आणि पेन घेऊन ते त्यावर लिहायला लागतात. अ‍ॅटलास फीचरने प्रत्येक बखळीचं वेगळं पान आपोआप निघतं, मालकाकडे जाताना तेवढंच पान न्यायचं. मालकांची नावं असलेला नकाशा भिंतीवर लावू नका, नावांचा कॉलम वेगळा ठेवा.

अर्धा स्टार कापला तो नवख्यांसाठी. बटणं प्रचंड आहेत, त्यातली बरीचशी या कामाला लागतच नाहीत, आणि कोणी दाखवणारं नसेल तर पहिले काही दिवस माणूस वैतागतो. रस्त्याचा नुसता छेद काढून बघायचा असेल, फुटपाथ केवढा, झाड कुठे, गाडी कुठून, तर त्यासाठी ब्राउझरमध्ये चालणारं स्ट्रीटमिक्स जास्त सोपं पडतं, त्यात तुकडे ओढून ठेवायचे आणि एकूण रुंदीत बसत नसेल तर ते लगेच दाखवतं. मी दोन्ही वापरतो, रुंदी क्यूजीआयएसमधून घेतो आणि छेद तिकडे काढतो.

डाउनलोड करताना सगळ्यात नवीन व्हर्जनच्या मागे न लागता एलटीआर (लाँग टर्म रिलीज) लिहिलेलं घ्या, त्याला वर्षभर दुरुस्त्या येत राहतात. आणि पहिला लेयर बखळींचाच बनवा, रस्त्यांचा नंतर.