देवीची लस: दंडावरून दंडावर की वासरावरून?

१४ जून १८०२. मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला गोस्तन देवीची, म्हणजे गाईला होणाऱ्या सौम्य देवीची, लस टोचली गेली. ही लस बगदाद, बसरा करत आलेली, एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर. आठवड्याने फोड भरला की त्यातलं पाणी पुढच्या पोराला! मराठीत ‘लस’ म्हणजे मुळात हा जखमेतला स्रावच.

पद्धत फुकटातली, बर्फाविना चालणारी. पण साखळी तुटली की लस संपली. शिवाय फोडातल्या पाण्याबरोबर उपदंशही (सिफिलिस हा गुप्तरोग) पोचायचा. इटलीत १८६१ साली रिवाल्टा गावात तसंच झालं. आपलं पोर दुसऱ्यासाठी पुन्हा टोचायला द्यायचं, हे आईबापांना पटणं कठीणच.

वासराचं तंत्र इटलीतच, नेपल्सला रुळलं. वासराचं पोट भादरायचं, ओरखडे काढून लस पेरायची, पाचेक दिवसांनी फोड खरवडायचे. पुढे त्यात ग्लिसरीन मिसळू लागले. इतर जंतू मरत, लस टिके. खर्च जास्त, वासरू क्षयरोगी नाही ना हेही तपासावं लागे. तरी माझं मत वासरालाच. इंग्लंडने १८९८ मध्ये दंडावरची पद्धत बंदच केली.