सुझुकी आरई-५ : क्रमाने ट्यून केली तरच कळणारी गाडी

रोटरी इंजिनाची, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणाऱ्या इंजिनाची, सुझुकी आरई-५ ही मोटारसायकल माझ्याकडे सहा वर्षे आहे, आणि ती घेण्यापूर्वी तिच्याविषयी जे जे ऐकले होते त्यातले बरेचसे मला या काळात खोडून टाकावे लागले. गाडी आयडलिंगला स्थिर राहत नाही, कमी वेगात झटके देते, पेट्रोल फार पिते आणि इंजिनाच्या सील (रोटरच्या कडांशी गळती रोखणाऱ्या पट्ट्या) टिकत नाहीत, अशा चार तक्रारी तिच्याबद्दल नेहमी ऐकू येतात. त्यातली पेट्रोलची तक्रार खरी आहे. बाकीच्या तिन्हींचे मूळ बहुतेक वेळा आधीच्या कोणीतरी चुकीच्या क्रमाने फिरवून ठेवलेल्या ॲडजस्टमेंटमध्ये सापडते, आणि ही गाडी घेऊ पाहणाऱ्याला किंवा घेऊन हताश झालेल्याला मला मुख्यतः एवढेच सांगायचे आहे.

सुझुकीने १९७० मध्ये एनएसयू या जर्मन कंपनीकडून वांकेल, म्हणजेच या रोटरी इंजिनाचा परवाना घेतला, १९७३ च्या टोकियो प्रदर्शनात ही गाडी मांडली आणि १९७४ ते १९७६ या काळात ती बनवली. यामाहाची रोटरी मोटारसायकल १९७२ च्या प्रदर्शनापुढे कधी गेलीच नाही, व्हॅन वीनची ओसीआर १००० मोजक्याच गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचली आणि नॉर्टनची क्लासिक १९८७ मध्ये अवघी १०० च्या संख्येने निघाली. म्हणून आज जुनी रोटरी मोटारसायकल स्वतः ठेवून, स्वतः उघडून चालवायची असेल, तर आरई-५ किंवा जर्मनीची छोटी हर्क्युलिस डब्ल्यू २००० या दोनच गाड्यांचा विचार प्रामुख्याने होतो. हर्क्युलिसचे इंजिन पंख्याच्या हवेवर थंड होते आणि त्यामानाने साधे आहे. आरई-५ मध्ये मात्र इंजिनाचे आवरण पाण्याने आणि आतला रोटर ऑइलने थंड होतो, शिवाय सीलना वंगण देण्यासाठी वेगळी टाकी व वेगळा पंप आहे, म्हणजे गिअरबॉक्सचे धरून तीन ठिकाणचे ऑइल सांभाळावे लागते.

आकडे सांगायचे तर एकच रोटर, ४९७ सीसी, ६,५०० आरपीएमला ६२ हॉर्सपॉवर आणि कोरडे वजन सुमारे २३० किलो. हे वजन गाडी स्टँडवरून उतरवताना आणि हळू वळवताना स्पष्ट जाणवते. एकदा गाडी वेगात आली की त्याचा त्रास संपतो आणि उलट त्यामुळेच ती लांबच्या रस्त्यावर घट्ट बसून धावते.

या गाडीची खरी ओळख ॲक्सिलरेटरच्या मुठीपाशी होते. मुठीला एकूण पाच केबल जोडलेल्या आहेत. मिकुनीचा कार्बोरेटर दोन टप्प्यांचा आहे, त्यातला पहिला टप्पा केवळ १८ मिलिमीटरचा आणि दुसरा ३२ मिलिमीटरचा. याशिवाय इंजिनाच्या तोंडाशी आणखी एक झडप आहे, जी कमी वेगात बंद राहून सगळे मिश्रण छोट्या मार्गाने जोरात आत सोडते आणि मूठ अधिक पिळल्यावर मोठा मार्ग उघडते. आणि सीलना ऑइल देणारा पंपसुद्धा त्याच मुठीने कमीजास्त होतो. यातली एक केबल जरी दोन मिलिमीटरने सैल किंवा ताठ झाली, तरी बाकीच्या सगळ्यांचा हिशेब चुकतो, आणि चूक कोठे आहे हे गाडीच्या वागण्यावरून लगेच कळत नाही.

माझी गाडी आली तेव्हा कमी वेगात ती अक्षरशः मान टाकत असे. आधीच्या हाताने कार्बोरेटरचे स्क्रू अनेकदा फिरवलेले दिसत होते, त्यांच्या डोक्यावरच्या खाचा झिजून गोल झाल्या होत्या. मीही पहिले दोन महिने तेच केले. शेवटी एअर फिल्टरचे घर सोडवले, बॅटरी झाकून आतली जागा उघडी केली आणि एका हाताने मूठ अगदी हळू पिळत टॉर्चच्या उजेडात पाहिले, तेव्हा मूठ हलताक्षणीच ती दुसरी झडप उघडू लागत होती. छोट्या मार्गाने जोरात जायला हवे असलेले मिश्रण मोठ्या मार्गात पसरून मंदावत होते, आणि ही उणीव भरून काढण्यासाठी कोणीतरी आयडलिंग चढवून ठेवले होते. केबलचा नट दीड फेरा मागे घेतला, बाकीचे सगळे पुस्तिकेनुसार पहिल्यापासून बसवले आणि त्या संध्याकाळी गाडी पहिल्यांदा शांत उभी राहिली.

त्यामुळे माझा आग्रह असा आहे की कार्बोरेटरला हात सर्वांत शेवटी लावावा. आधी कॉम्प्रेशन पाहावे, आणि तेही नेहमीच्या पद्धतीने नव्हे. साधा गेज रोटरच्या तिन्ही बाजूंपैकी जी सर्वांत चांगली आहे तिचाच आकडा धरून ठेवतो आणि आपली फसगत होते. गेजमधली हवा अडवणारी छोटी झडप काढून टाकावी, मूठ पूर्ण उघडी ठेवून स्टार्टर फिरवावा आणि काटा बघावा : तो एक-दोन-तीन, एक-दोन-तीन असा सारख्या उंचीने उडाला तर इंजिन निरोगी आहे. लागोपाठ दोन उड्या कमी पडल्या तर रोटरच्या टोकावरच्या एका सीलवर संशय घ्यावा, कारण ती सील शेजारच्या दोन कप्प्यांच्या मध्ये असते आणि गळती झाली की दोघांचेही नुकसान करते. हे पाहिल्याशिवाय अशी गाडी विकत घेऊ नये, मग तिचा रंग कितीही चकचकीत असो.

कॉम्प्रेशननंतर इग्निशन. इथे ठिणगीची वेळ साधणाऱ्या पॉइंटचे दोन संच आहेत, कारण रेस सोडल्यावर रोटरी इंजिन झटके देते आणि ते टाळण्यासाठी उतारावर किंवा वेग कमी करताना रोटरची एक बाजू सोडून पुढच्या बाजूला ठिणगी पडेल अशी सोय केलेली आहे. एकाच संचाचा गॅप बघून दुसरा तसाच सोडला, तर गाडी चढावर उत्तम आणि उतारावर वाईट चालते, आणि माणूस दोष कार्बोरेटरला देतो. दोन्ही गॅप फीलर गेजने मोजावेत आणि टायमिंग लाइट लावून खात्री करावी. मग ऑइल पंपाची खूण जुळवावी. पंप कमी ऑइल देत असेल तर सील झिजतात आणि जास्त देत असेल तर प्लग काळा पडतो, पण पहिले नुकसान भरून निघत नाही. म्हणून शंका असेल तेव्हा थोडा धूर सहन करावा. यानंतर केबल, आणि केबल झाल्यावरच आयडलिंग व मिश्रण. या क्रमाने गेल्यास स्क्रू फिरवण्याची वेळ क्वचितच येते.

प्लग मात्र खरी अडचण आहे. इंजिनाला एकच प्लग लागतो, पण तो १८ मिलिमीटर आट्याचा खास प्रकारचा आहे आणि मिळणे कठीण झाले आहे. काही मालक अडॅप्टर लावून लहान प्लग वापरतात. मी मूळ प्लगच जपून वापरतो. त्यासाठी एक सवय लावून घ्यावी लागते : थंड इंजिन चालू करून केवळ जागा बदलण्यापुरते हलवून लगेच बंद करू नये. तसे केले की प्लग ओला होतो आणि पुढच्या वेळी स्टार्टर नुसता फिरत राहतो.

चालवण्याचा अनुभव शब्दांत मांडणे सोपे नाही, तरी प्रयत्न करतो. खाली गाडी थोडी फटफटते, आणि ३,००० आरपीएमच्या पुढे तो आवाज एका सलग घरघरीत मिसळून जातो. हँडलबार, पायटेकू, आरसे यांपैकी कशातही थरथर नसते. आरशात मागची गाडी स्पष्ट दिसते, जे त्या काळच्या मोठ्या मोटारसायकलींना क्वचितच जमले. ताकद एकदम अंगावर येत नाही, पण मधल्या वेगात चौथ्या-पाचव्या गिअरला ती इतकी भरीव आहे की गिअर बदलण्याचा विचारच मनात येत नाही. एक्झॉस्टची उष्णता प्रचंड असते. त्यासाठी पाइप दुहेरी आवरणाचे असून पुढे हवा आत घेणाऱ्या जाळ्या आहेत, आणि वेगात त्या आपले काम चोख करतात. थांबून राहावे लागले तर मात्र डाव्या-उजव्या पिंढऱ्यांना धग लागते. पेट्रोलचे म्हणाल तर माझी गाडी लिटरला तेरा-चौदा किलोमीटर देते आणि १७ लिटरची टाकी पाहता पाहता रिकामी होते.

सुरुवातीच्या गाड्यांवरचे नळकांड्याच्या आकाराचे मीटर जॉर्जेतो जुजारो यांनी रेखाटले होते. किल्ली फिरवली की त्यावरचे पारदर्शक झाकण उघडते. १९७६ च्या गाडीला साधे गोल मीटर बसवले गेले, कारण गिऱ्हाइकांना ते जुने डिझाइन विचित्र वाटले. मला ते फार आवडते आणि निवड करायची असेल तर मी पहिलीच गाडी घेईन.

पाच केबलपैकी प्रत्येकीची एक जादा जोडी मी आता घरी ठेवतो, आणि दर हंगामात एकदा कार्बोरेटरकडे न पाहता थेट त्या झडपेवर टॉर्च मारतो. मूठ जरा हलली तरी ती बंदच आहे हे दिसले, की बाकीचे मिनिटभरात ठरते.