ड्राय कंटेनर की रिटायर्ड रीफर? राहायची खोली करणार असाल तर

कंटेनरचं घर म्हटलं की सगळी चर्चा वीस फुटी का चाळीस फुटी इथेच अडकते. मला विचाराल तर त्याच्या आधी ठरवायचं ते हे, की डबा साधा ड्राय, म्हणजे नेहमीचा कोरडा माल नेणारा, घ्यायचा का बोटीवरून रिटायर झालेला रीफर, म्हणजे फळं, मासळी थंड ठेवून नेतात तो. मी दोन्ही वापरलेत. ड्राय डब्यात बरीच वर्षं कामाची खोली होती, तिथेच झोपायचोही, आता बसतो-झोपतो ती खोली रीफरची आहे, त्यामुळे माझा कल कुठे असणार ते तुम्हाला कळलंच असेल, तरी ड्रायवर अन्याय होणार नाही एवढं बघतो.

दोन्ही हाय क्यूबच, म्हणजे नेहमीपेक्षा फूटभर उंच डबे, धरून चाललोय. साध्या उंचीच्या डब्यात राहायची खोली करूच नये, विषय संपला.

ड्रायचं कौतुक आधी करतो कारण ते खरंच आहे. सगळा डबा कॉर्टेन म्हणजे सहज न गंजणाऱ्या स्टीलचा, भिंतीचा पन्हाळी पत्रा जेमतेम 1.6 मिमी, त्यामुळे कुठलाही बरा फॅब्रिकेटर ग्राइंडर घेऊन येतो, खिडकी कापतो, चौकटीला बॉक्स पाइप वेल्ड करतो आणि संध्याकाळी घरी जातो. चौकट मात्र हवीच, कारण भार कोपऱ्यातले चार खांब घेत असले तरी डबा ताठ राहतो तो या पन्हाळीमुळे, मोठा तुकडा कापून तसाच सोडला की वरची कड झोल खाते. दोन-तीन डबे जोडून मोठा हॉल करायचा असेल तर ड्रायला पर्याय नाही असंच म्हणेन. त्यातही मधल्या भिंती उडवल्यावर भार घ्यायला वेगळा सांगाडा लागतोच. 2022 च्या वर्ल्ड कपला कतारमध्ये स्टेडियम 974 झालं, त्यात नावाप्रमाणे 974 कंटेनर होते, पण तिथेही स्टीलचा वेगळा सांगाडा होताच.

जमीन हा दुसरा मुद्दा, पटकन सांगतो. ड्रायमध्ये 28 मिमी प्लायवूड असतं आणि त्याला बहुतेक वेळा कीडनाशक मारलेलं असतं, कुठलं ते दारावरच्या सीएससी प्लेटवर, म्हणजे डब्याच्या सुरक्षा मंजुरीच्या पाटीवर, लिहिलेलं सापडतं. एकतर प्लाय काढा नाहीतर वरून इपॉक्सीने नीट सील करा, लहान मुलं त्या जमिनीवर रांगणार असतील तर काढाच.

आता छत. माझ्यापुरता निकाल इथे लागला.

ड्राय डब्याचं छत म्हणजे 2 मिमी पत्रा. रात्री आकाश मोकळं असलं की तो बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतो आणि आत माणूस झोपलाय, श्वास सोडतोय, कोपऱ्यात केटल उकळतेय, तर ती सगळी वाफ जाऊन त्या पत्र्याला चिकटते आणि पहाटे टपटप सुरू. बोटीवरचे लोक याला कंटेनरमधला पाऊसच म्हणतात, माल भिजतो त्यांचा. बरं यावर उपाय नाही असं नाही, क्लोज्ड सेल स्प्रे फोम, म्हणजे वाफ आत शिरू न देणारा फवारायचा फोम, थेट पत्र्यावर मारला की बराच बंदोबस्त होतो. पण आमच्याकडे आधी पत्र्याला चौकोनी पाइप वेल्ड केले, त्यांच्यामध्ये फोम भरला आणि पाइपांवर स्क्रूने प्लाय ठोकला, सगळे करतात तसंच. वर्षभर छान होतं. मग थंडीत छताच्या पांढऱ्या प्लायवर तपकिरी ठिपके दिसायला लागले, एका सरळ रेषेत, सारख्या अंतरावर. प्रत्येक ठिपका म्हणजे एक स्क्रू. पत्र्याची थंडी पाइपातून स्क्रूत येत होती, स्क्रूच्या डोक्यावर दव धरत होतं आणि गंज रंगातून बाहेर पडत होता. पुसा, रंग मारा, पुढच्या थंडीत ठिपके परत त्याच जागी हजर. फोममध्ये चूक नव्हती, लोखंडाला लोखंड जोडलेलं होतं एवढंच. लाकडी पट्ट्या आणि मध्ये रबर घालून हे टाळता येतं असं म्हणतात, आणि कुणी नीट केलं असेल तर त्यांचा अनुभव वेगळा असेलही. मला मात्र सकाळी डोळे उघडले की आधी ती ठिपक्यांची रांग दिसायची, आणि त्याचा वैताग किती येतो ते ज्याला दिसते त्यालाच कळेल.

रीफरमध्ये ही भानगड कारखान्यातच मिटवलेली असते. बाहेरचा पत्रा, मध्ये पॉलियुरेथेन फोम, आतून बहुतेक ठिकाणी स्टेनलेस, आणि आतल्या-बाहेरच्या पत्र्याची गाठ फारशी कुठे पडू दिलेली नसते. कागदावर रीफर आतून अरुंद, साधारण 2.29 मीटर, ड्राय 2.35. म्हणून लोक नाक मुरडतात. पण ड्रायला दोन्ही बाजूंनी फोम आणि प्लाय लावून झाला की हातात 2.2 च्या आसपासच उरतात, म्हणजे राहायला लागल्यावर रुंद कोण ते तुम्हीच बघा.

आणि एक गंमत. पुढच्या बाजूचं कूलिंगचं यंत्र उतरवलं की तिथे जवळजवळ अख्ख्या भिंतीएवढं भगदाड मिळतं, तिथे काच बसवली की न कापता खोलीभर उजेड. यंत्र उतरवायला गॅसवाला माणूसच बोलवा, गॅस हवेत सोडून मोकळं व्हायचं नाही. ते यंत्र ठेवून घरात एसी म्हणून वापरू असं कुणी सुचवलं तर हसून सोडून द्या, त्याला थ्री फेज लागतं आणि आवाज असा की बोलणं ऐकू येणार नाही.

रीफरचे त्रासही आहेत, लपवत नाही. कापलेल्या जागी वेल्डिंग जवळपास विसरा, आतला फोम पेटतो आणि धूर विषारी, त्यामुळे खिडकीची चौकट रिव्हेट आणि सीलंटवर बसवावी लागते आणि असं काम करणारा शोधायला वेळ जातो. जमिनीला ॲल्युमिनियमच्या टी आकाराच्या पट्ट्या असतात, त्यांच्या खाचांत पडलेली टाचणी कायमची गेली, वरून प्लाय टाकावाच लागतो. भिंतीत खिळा धरत नाही, फळ्या लावायच्या तर आतून वेगळी लाकडी पट्टी मारा. आवाज घुमतो, पडदे-गालिचे आले की कमी होतो. आणि डबा इतका हवाबंद की व्हेंटिलेशनसाठी दोन बाजूंना झरोके आणि एक एक्झॉस्ट याला पर्यायच नाही, आळस करू नका, दार बंद करून झोपायची खोली आहे ती.

तर गोदाम, वर्कशॉप, दुकान, किंवा चार डबे जोडून मोठं काही करायचं असेल तर बिनधास्त ड्राय घ्या, रीफरच्या नादाला लागू नका. एकच खोली, रोज झोपायची, तर मी तरी परत रीफरच घेईन.

घेताना फक्त नवा रंग बघून भुलू नका. आतल्या भिंतीवर बोटाच्या पेरांनी ठोकत ठोकत पूर्ण चक्कर मारा, भरीव आवाज मध्येच पोकळ झाला तर तिथे फोम सुटलाय. दाराच्या खालच्या कडेला आणि जमिनीजवळ पत्रा फुगलेला दिसला तर फोमने पाणी प्यायलंय असं समजा, असा डबा उचलताना जड लागतो आणि थंडी-ऊन अडवायचं काम सोडून देतो. शेवटी दार लावून थोडा वेळ आत उभे राहा, बाहेर कुणीतरी ओळखीचं ठेवून, कारण दाराचे दांडे बाहेरून असतात. मासळीचा वास तेव्हाच आला तर डबा सोडा, तो धुऊन जाईल असं विकणारा सांगेल, फोममध्ये मुरलेला वास मी तरी जाताना पाहिला नाही.