डोंगरावर गरम जेवण: थर्मास न्यावा की स्टोव्ह?

साताऱ्याकडच्या एका दिवसाच्या ट्रेकला गरम खायचं तर दोन वाटा आहेत. घरून रुंद तोंडाच्या थर्मासात भरून न्या, नाहीतर छोटा गॅस स्टोव्ह घेऊन वर शिजवा. तीन दगडांची चूल मी यात धरतच नाही. दिवाळीनंतर गवत वाळायला लागतं आणि उन्हाळ्यात एका ठिणगीवर डोंगराची अख्खी सोंड काळी होते.

कुठे जाताय, यावरच बऱ्याचदा निकाल लागतो. वासोटा कोयना अभयारण्यात, म्हणजेच सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. तिथे जाळाचं नाव काढू नका, स्टोव्हही घरीच ठेवा. शिवाय बामणोलीहून लाँचने जायचं, गड चढायचा आणि वेळेत परत लाँच गाठायची, यात भांडी मांडून बसायला सवड कुठली? कासच्या फुलांच्या पठारावरही तोच न्याय. सज्जनगडावर तर काहीच नेऊ नका, दुपारच्या महाप्रसादाला बसा. प्रश्न खरा उरतो तो चंदन-वंदन, पांडवगड, वैराटगड अशा गडांचा, आणि तिथेही स्थानिक नियम आणि गवत किती वाळलंय ते बघूनच.

आता ओझं. अर्धा लिटरचा स्टीलचा थर्मास रिकामा साधारण ४०० ग्रॅम भरतो आणि एका माणसाचं पोट भागवतो. स्टोव्हचा बर्नर दिसायला मुठीएवढा, पण २३० ग्रॅम गॅसचा डबा पत्र्यासकट पावणेचारशे ग्रॅमच्या घरात जातो. वर पातेलं, लायटर आणि पाणी. पाण्याचा हिशोब बहुतेकजण विसरतात. मॅगीच्या दोन पाकिटांनाच जवळपास अर्धा लिटर लागतं, भांडं विसळायचं वेगळं, आणि उन्हाळ्यात गडावरच्या टाक्यांवर भिस्त ठेवता येत नाही. एकट्या-दुकट्याला हा सौदा परवडत नाही. चौघं-पाचजण असाल तर मात्र वजन वाटलं जातं, आणि प्रत्येकाने आपापला थर्मास आणण्यापेक्षा एक स्टोव्ह हलका पडतो. एसटीने जाणार असाल तर गॅसचा डबा विसरा, ज्वलनशील वस्तू गाडीत चालत नाहीत.

थर्मासबद्दल 'दोन तासांत कोमट होतं' ही तक्रार करणाऱ्यांनी बहुधा तो थंडच भरलेला असतो. आधी उकळतं पाणी ओतून झाकण लावा, दहा मिनिटं ठेवा, मग ते फेकून आमटी रटरटत असतानाच गळ्यापर्यंत भरा. अर्धा भरलात तर आतली मोकळी जागाच उष्णता खाते. पातळ किंवा दाट रसाचे पदार्थ यात उत्तम टिकतात: कोरेगावकडच्या वाघ्या घेवड्याची आमटी, कुळथाचं माडगं, सरबरीत मुगाची खिचडी. सुका मसालेभात नको. तो लवकर निवतो, आणि ६० अंशांच्या खाली तासन्‌तास कोमट राहिलेल्या भातात जंतू वाढतात. भाकरी गरम न्यायचा हट्ट सोडा. कॅसरोलमध्ये वाफ धरून ती खालून ओली होते. फडक्यात गुंडाळलेली गार भाकरी आणि वर वाफाळती आमटी, एवढं पुरे.

स्टोव्हचा खरा वैरी वारा. माथ्यावर ज्योत आडवी पडते आणि गॅस जळूनही पाणी नुसतं कोमट राहतं. म्हणून काहीजण स्टोव्हभोवती पत्र्याची आडोशाची गोल भिंत करतात. बर्नर थेट डब्यावर बसणारा असेल तर हे कधीच करू नका, डबा तापून फुटू शकतो. तटाच्या आडोशाला, सपाट कातळावर, एका बाजूनेच वारा अडवून बसा. मात्र तुमच्यासमोर उकळलेल्या चहाची बरोबरी थर्मासला कधी जमत नाही, हे कबूल. दुधाचा चहा थर्मासात चार तासांत वेगळाच वास मारतो. कोरा न्या आणि दुधाची पावडर वर मिसळा.

पहिल्यांदाच घेणाऱ्याने थर्मास घ्यावा. तो ऑफिसच्या डब्यालाही लागतो. स्टोव्ह तेव्हाच, जेव्हा ठरलेला ग्रुप आहे, स्वतःची गाडी आहे आणि पाणी वाहून न्यायला कुरकुरणारं कुणी नाही.