शॉवर-कमोड व्हीलचेअर: वर्षभर वापरल्यावर

निकाल आधीच सांगून टाकतो. शौच आणि अंघोळ एकाच बैठकीत उरकता येणारी ही चाकांची खुर्ची ठेवणार आहे, आणि बदलायची वेळ आली तर याच प्रकारची घेईन. पण जाहिरातीतल्या फोटोत दिसते तशी ती आपोआप सुरक्षित नसते. ती काही धोके पूर्ण काढून टाकते आणि बदल्यात दोन-चार नवे आणते. घ्यायच्या आधी हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, विकणाऱ्याने तर नाहीच.

माझी मज्जारज्जूची दुखापत टी-१० पातळीची, म्हणजे पाठीच्या छातीकडच्या भागातल्या दहाव्या मणक्यापाशी. बेंबीच्या खाली संवेदना नाही, पाय हलत नाहीत. हात-खांदे मजबूत आहेत आणि बसल्या जागी तोल बऱ्यापैकी राहतो. हे सांगायचं कारण असं की या खुर्चीचं बरंवाईट ज्याच्या त्याच्या शरीरावर ठरतं. पक्षाघातानंतर एक बाजू कमजोर झालेल्या माणसाला संवेदना असेल पण तोल नसेल. म्हातारपणी गुडघे गेलेल्याला दोन्ही असतील, पण मध्येच उभं राहायचा मोह होईल. माझ्या अनुभवातलं तेवढं वजा करून वाचा.

माझ्याकडची खुर्ची स्वतः ढकलायची आहे: मागे २४ इंची चाकं, पुढे ५ इंची फिरती चाकं, मधोमध भोक असलेली गादीची सीट, वर उचलता येणारे हात, बाजूला वळणारे फूटरेस्ट, आणि सीटखाली सरकवायचं भांडं. भांडं आम्ही जवळपास वापरतच नाही. खुर्ची सरळ कमोडवर मागे नेता येते, हाच तर तिचा उपयोग.

खरा फायदा कुठे आहे ते पाहा. पूर्वी सकाळचा क्रम असा असायचा: पलंगावरून रोजच्या व्हीलचेअरवर, तिथून कमोडवर, कमोडवरून परत व्हीलचेअरवर, मग अंघोळीच्या स्टुलावर, पुन्हा व्हीलचेअर, पुन्हा पलंग. म्हणजे अंग सहा वेळा उचलून सरकवायचं, तेही अरुंद जागेत, आणि त्यातला निदान एकदा तरी ओल्या अंगाने. आता दोनदाच, आणि दोन्ही वेळा कोरड्या खोलीत, पलंगाच्या उंचीला. पडण्याची शक्यता बसून राहण्यात फारशी नसते, एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना असते. शिवाय आमच्यासारख्यांचे खांदे हेच पाय असतात, ते झिजले की सगळंच अडतं. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा ही खुर्ची घ्यावी असं मी म्हणेन.

आता मापं. दाराची रुंदी चौकटीत मोजू नका. दार पूर्ण उघडा आणि दाराच्या फळीपासून समोरच्या चौकटीपर्यंत मोजा. बिजागरीच्या बाजूला फळीची जाडी आत येते, तेवढी जागा कमी होते. स्वतः चाकं ढकलणार असाल तर खुर्चीच्या रुंदीत बोटांची जागा धरा, नाहीतर सांधे सोलवटतात. कमोडची उंची मोजताना वरचं झाकण आणि बसायची रिंग काढून मोजा, कारण बहुतेक खुर्च्या ती काढल्याशिवाय वर सरकतच नाहीत. खुर्चीच्या बाजूने मोजायचं ते सीटच्या वरच्या कडेपर्यंत नव्हे, तर सीटखालच्या सर्वांत खालच्या आडव्या दांडीपर्यंत. दोन-तीन सेंटिमीटर मोकळे राहिले तर उत्तम. फार जास्त राहिले की शिंतोडे बाहेर उडतात. आणि कुणाच्या लक्षात न येणारी गोष्ट: खुर्ची मागे कुठवर जाते? पाठीची दांडी किंवा मोठी चाकं फ्लशच्या टाकीला, भिंतीला टेकली तर सीटचं भोक कमोडच्या पुढेच राहतं. पुढचं सांगायला नको.

दार आत उघडत असेल तर ते बाहेर उघडणारं करून घ्या, किंवा सरकतं. आतला माणूस दारापाशी पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाने अडतं. कडी बाहेरूनही उघडता येईल अशी हवी. बायको आणि माझ्यात यावर बराच वाद झाला, कारण कडी न लावता बसणं मला नको वाटायचं. शेवटी बाहेरून नाण्याने फिरवता येणारी कडी बसवली आणि वाद मिटला.

ब्रेकबद्दल थोडं सविस्तर. ब्रेक लावला की खुर्ची जागची हलणार नाही, असं आपण धरून चालतो. मोठ्या चाकांचा ब्रेक टायरवर दाबून बसतो. टायर ओला आणि वर साबण असला की पकड ढिली होते. बाथरूमची फरशी पाणी वाहून जावं म्हणून उतरती असते, त्यामुळे खुर्ची हळूहळू जाळीच्या दिशेने सरकू पाहते. मी खुर्ची उताराला आडवी लावतो आणि अंगाला साबण लावायच्या आधी ब्रेक एकदा हलवून बघतो. पुढच्या चाकांना कुलूप असेल तर तेही लावा, पण ते चाक फिरायचं थांबवतं की वळायचंही, हे घेतानाच तपासा. नुसतं फिरणं थांबलं तर खुर्चीचं तोंड तरीही डावी-उजवीकडे जातं.

पण सगळ्यात मोठा धोका सरकण्याचा नाही, पुढे उलटण्याचा आहे. पडलेला साबण उचलायला वाकलात, पाय धुवायला वाकलात, की अंगाचं वजन पुढच्या चाकांच्या पुढे जातं. ब्रेक इथे काहीच करू शकत नाही, उलट अडकलेल्या चाकांवर खुर्ची पुढे कलंडते. यावरची युक्ती फिजिओने शिकवली, आणि मला वाटतं या सगळ्या लेखातली सर्वांत कामाची हीच: थांबायच्या आधी खुर्ची वीतभर मागे घ्यायची. मागे घेतली की पुढची फिरती चाकं वळून पुढच्या दिशेला जातात आणि खुर्चीचा पाया तेवढा लांब होतो. मग ब्रेक. पुढे घेऊन थांबलात तर तीच चाकं तुमच्या मांड्यांखाली मागे वळलेली असतात. करून बघा, वाकताना फरक लगेच जाणवतो. तरीही मी वाकत नाहीच. लांब दांड्याचा ब्रश आहे, साबण बाटलीतला आहे आणि बाटली हाताला दोरीने बांधलेली आहे. हँड शॉवरचा आकडा बसल्यावर कोपराच्या उंचीला येईल असा खाली लावून घेतला.

फूटरेस्टवर उभं राहणं हा उलटण्याचा दुसरा राजमार्ग. मला ते शक्यच नाही, पण ज्यांना थोडं उभं राहता येतं त्यांना हे रोज सांगावं लागतं. बसण्या-उठण्याच्या आधी फूटरेस्ट बाजूला वळवायचे, पाय जमिनीवर, मगच वजन टाकायचं. मदतीला असलेल्या माणसाने खुर्ची कधीही तिच्या हातांना धरून उचलू नये. ते उचलून वर होण्यासाठीच बनवलेले असतात आणि नेमके त्याच वेळी वर होतात.

पायांवर लक्ष ठेवणं संवेदना नसलेल्यांसाठी वेगळंच काम आहे. ओलं पाऊल फूटरेस्टवरून मागे घसरतं आणि फिरत्या चाकाखाली जातं; कळत नाही. टाचेमागचा पट्टा म्हणून हवाच. पट्टा खुर्चीबरोबर आला नाही, वेगळा मागवावा लागला. कमोडवर मागे जाण्याआधी माझी ठरलेली नजर अशी: दोन्ही पावलं, कॅथेटरची (लघवीची) नळी, युरिन बॅग. नळी चाकात गुंडाळली आणि तुम्ही मागे गेलात तर काय होईल, कल्पना करा. पुरुषांनी आणखी एक पाहावं: बसल्यावर नाजूक भाग भोकाच्या कडेवर दाबला जात नाही ना. जाणीव नसेल तर हाताने चाचपूनच खात्री करायची, लाजायचं कारण नाही.

सीट. इथे मी सगळ्यात जास्त नाराज आहे. भोक असलेल्या सीटवर बसल्यावर शरीराचं वजन भोवतालच्या थोड्याच जागेवर येतं, बसायच्या हाडांना आधार कमी आणि कडेच्या कातडीला ताण जास्त. पोट साफ व्हायला आमच्यासारख्यांना वेळ लागतो, त्यात अंघोळ त्याच बैठकीत. तिथे तासभर सहज जाऊ शकतो आणि तिथेच बेडसोअरची, म्हणजे सतत दाबाने कातडीला होणाऱ्या जखमेची, सुरुवात होते. माझा नियम: मोबाइल आत नेला तरी गजर लावून. मध्ये मध्ये हातांवर जोर देऊन अंग उचलायचं किंवा एका कुशीवर झुकायचं. झुकताना दुसऱ्या बाजूचा हात खुर्चीला धरलेला. परतल्यावर आरशात किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यात कातडी बघायची. लालसर डाग बोटाने दाबून सोडल्यावर फिका पडला तर ठीक. तसाच लाल राहिला तर त्या जागेवर पुन्हा बसायचं नाही, आणि डॉक्टरला दाखवायचं. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही; तिथे ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा वेगळ्या रंगाची लागते का हे हाताने बघावं लागतं.

गादीचा फोम चांगला होता, पण काही महिन्यांत भोकाच्या पुढच्या कडेची शिवण उसवली. एकदा शिवण गेली की आत पाणी शिरतं, फोम वाळत नाही, वास येतो, आणि उसवलेली कड कातडी कापते. कंपनीला कळवल्यावर नवी सीट येईपर्यंत इतका काळ गेला की आम्ही मध्ये दुसरीकडून घेऊन बसवली. शिवण नसलेली, साच्यातून काढलेली सीट मिळत असेल तर तीच घ्या, आणि शक्य असेल तर जादाची एक खुर्चीबरोबरच.

गरम पाण्याचं तर नियम म्हणूनच सांगतो. ६० अंश सेल्सिअस पाण्याने साधारण पाच सेकंदांत खोलवर भाजू शकतं. ४९ अंशांना त्याच इजेसाठी काही मिनिटं लागतात. संवेदना असलेला माणूस त्याआधीच ओरडतो, आम्ही नाही. अंघोळीला ३८ ते ४० अंश पुरतात. गिझरचा काटा खाली आणून ठेवला आहे. आधी थंड नळ, मग गरम. बंद करताना आधी गरम. हँड शॉवरच्या नळीत आधीचं तापलेलं पाणी साचलेलं असतं, म्हणून पहिली धार फरशीवर. मग मनगटाच्या आतल्या बाजूला, मग छातीवर, आणि पायांवर सगळ्यात शेवटी. ज्यांना रक्तदाब खाली जाण्याचा त्रास आहे त्यांनी फार गरम पाणी टाळावंच, बसल्या बसल्या डोळ्यांपुढे अंधारी येते. दुखापत टी-६ किंवा त्याच्या वर असेल तर उलटही होऊ शकतं: पोट किंवा मूत्राशय तुंबलं की रक्तदाब एकदम चढतो, डोकं ठणकतं, चेहरा घामाने डबडबतो. त्याची माहिती डॉक्टरकडून आधी घ्या आणि सोबतच्या माणसालाही द्या.

बाहेर यायच्या आधी अंग खुर्चीवरच कोरडं करायचं. ओली कातडी रेक्झिनला चिकटते आणि सरकताना ओढली जाते; त्यात झालेली जखम महिनाभर पुरते. पाठ आणि मांड्या पुसून, खाली कोरडा टॉवेल सरकवून मगच पलंगाकडे. पट्टा बांधत असाल तर तो कमरेच्या हाडांवरून, पोटावरून नाही, आणि एका हाताने सुटणारा.

देखभाल किरकोळ आहे, पण रोजची. खुर्ची धुऊन पुसून बाथरूमबाहेर ठेवतो. फिरत्या चाकांच्या आसात केस आणि धागे गुंडाळले जातात, ते आठवड्याला काढले नाहीत तर चाक अडखळतं. स्क्रू ढिले होतात. ॲल्युमिनियमचा सांगाडा अजून छान आहे, गंज फक्त ब्रेकच्या स्प्रिंगला आणि दोन बोल्टना. ते स्टेनलेसचे बदलून घेतले. रंग दिलेल्या लोखंडी खुर्च्या जोडाच्या ठिकाणी आतून गंजतात आणि बाहेरून कळत नाही, त्यामुळे त्या मी टाळेन. संडास धुवायचं ॲसिड सांगाड्यावर उडू देऊ नका. आणि ब्लीच व ॲसिड कधीही एकत्र नाही, त्यातून क्लोरिन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा आहे.

मोठी चाकं घ्यावीत की चार छोटी, हे बरेच जण विचारतात. छोट्या चाकांची खुर्ची अरुंद असते, कमोडवर सहज बसते, हलकी असते; पण बसलेल्याला ती तसूभर हलवता येत नाही, आणि उंबरठ्यावर छोटी चाकं अडतात, तिथे सोबतच्या माणसाने ती उलटी, मागच्या चाकांवर, ओढूनच घ्यावी लागते. दुसरं कुणीतरी कायम ढकलणार असेल आणि बाथरूम लहान असेल तर तीच बरी. मला कुणाला हाक न मारता आत जाऊन बाहेर यायचं होतं, म्हणून मोठी चाकं घेतली, आणि त्यासाठी उंबरठा फोडून तिथे लहानसा उतार करून घेतला.