पोटाला सोनोग्राफी, डोक्याला सीटी आणि कमरेला जरा दम

“सगळ्यात भारी कुठला आहे, तो काढा. परत परत खेपा नकोत.”

तपासणी केंद्राच्या काउंटरवर हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी कानावर येतं. परवाचे गृहस्थ कांद्याचे व्यापारी. जेवण झालं की उजव्या बरगडीखाली कळ यायची. चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलं होतं ‘यूएसजी ॲबडोमेन’, म्हणजे पोटाची सोनोग्राफी, आणि यांची तयारी थेट एमआरआयची. त्यांच्या हिशेबी एक्स-रे म्हणजे लाल डबा, सोनोग्राफी निमआराम, सीटी शिवशाही आणि एमआरआय शिवनेरी. तिकीट वाढेल तसा प्रवास चांगला.

गडबड इथेच होते. या चार गाड्या एका रस्त्याच्या नाहीतच.

एक्स-रे बघतो ते एवढंच, की किरण कुठे अडले आणि कुठे आरपार गेले. हाडातलं कॅल्शियम अडवतं म्हणून हाड पांढरं, फुप्फुसातली हवा सोडून देते म्हणून छाती काळी. मधलं सगळं, म्हणजे यकृत, प्लीहा, आतडी, स्नायू, जवळपास एकाच करड्या रंगाचं. १८९५ साली रंटगेननं बायकोच्या हाताचा फोटो काढला तेव्हाही दिसली ती हाडं आणि बोटातली अंगठी. सीटीत किरण तेच, फक्त नळी अंगाभोवती फिरते आणि संगणक शरीराचे पावासारखे काप करून दाखवतो. प्रत्येक ठिपक्याला आकडा असतो: पाणी ०, हवा उणे १०००, चरबी उणे १००च्या आसपास. हे आकडे ज्याच्या नावानं ओळखले जातात तो हाउन्सफिल्ड ईएमआय नावाच्या कंपनीत इंजिनिअर होता. आपल्याकडे ज्या तबकड्यांवर भोंग्यापुढे बसलेला कुत्रा असायचा, त्याच घराण्यातली ही कंपनी. १ ऑक्टोबर १९७१ला लंडनच्या विम्बल्डनमध्ये त्याच्या यंत्रानं पहिल्या रुग्णाचा मेंदू बघितला.

सोनोग्राफीत किरण नसतात, असतो तो आवाज आणि त्याचा प्रतिध्वनी. पाण्यातून आवाज छान जातो, हवेपाशी अडतो. पोटावर ते थंडगार जेल लावतात ते प्रोब आणि कातडीच्या मधली हवा घालवायला. आणि एमआरआय? तो पाण्यातल्या आणि चरबीतल्या हायड्रोजनला चुंबकाच्या तालावर नाचवून त्याचा संदेश ऐकतो. म्हणून मेंदू, मज्जारज्जू, दोन मणक्यांमधली चकती, सांधा बांधून ठेवणारं लिगामेंट हे त्याचं राज्य. हाडाचं टणक कवच मात्र त्यात काळंच, कारण त्यात पाणी जवळपास नाही.

आता तुमच्या हातातल्या चिठ्ठीकडे वळू.

पोटाचं दुखणं असेल तर पहिला मान सोनोग्राफीचा, आणि तो स्वस्त म्हणून नव्हे. पित्ताशय ही पित्ताची पिशवी, म्हणजे आवाजाला हवं तसं पाणी. त्यात खडा असला की पांढरा ठिपका आणि मागे काळी सावली, लपायला जागा नाही. याउलट पित्ताशयातले बरेच खडे कोलेस्टेरॉलचे असतात आणि ते सीटीत चक्क निसटू शकतात. महाग तपासणीला जे दिसत नाही ते स्वस्त तपासणीला दिसतं, याचं याहून सोपं उदाहरण मला माहीत नाही. अट एकच: उपाशीपोटी या. चहा-बिस्कीटसुद्धा नको, कारण खाल्लं की पित्ताशय आकसतं आणि बघायला काही उरत नाही.

सोनोग्राफीची दुखरी बाजूही आहे. पोटात गॅस असला की स्वादुपिंड पडद्याआड जातं. अंगात चरबी जास्त असली की चित्र धूसर होतं. आणि ही तपासणी हाताची आहे, प्रोब कोण फिरवतंय यावर बरंच अवलंबून. म्हणून जाड माणसाच्या अपेंडिक्सला डॉक्टर सीटी सांगतात आणि लहान मुलाच्या अपेंडिक्सला आधी सोनो. दोन्ही बरोबरच.

मुतखड्याची गोष्ट थोडी वेगळी. किडनीतला खडा सोनोत दिसतो, किडनी फुगलीय का तेही कळतं. पण खडा मूत्रनलिकेच्या मधल्या भागात अडकला असेल तर सोनोला तो सापडेलच असं नाही. साधं सीटी केयूबी, म्हणजे किडनी, मूत्रनलिका आणि मूत्राशयाचं सीटी, शिरेतून डाय न देता, दोनचार मिनिटांत जवळपास सगळे खडे पकडतं. नुसत्या एक्स-रेत युरिक ॲसिडचे खडे दिसत नाहीत, त्यामुळे ‘एक्स-रेत काही नाही’ म्हणजे खडा नाही असं समजू नका. मग सरळ सीटीच का नको? अमेरिकेत २०१४ साली यावर मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. इमर्जन्सीत आलेल्यांची सुरुवात काहींची सोनोनं केली, काहींची सीटीनं. सोनोवाल्यांपैकी काहींना पुढे सीटी लागलंच, पण गंभीर काही निसटण्यात फरक पडला नाही, किरण मात्र कमी लागले. त्यामुळे आधी सोनो, अडलं तर सीटी.

गरोदर असाल तर ओळखपत्र सोबत ठेवा. फॉर्म एफ, म्हणजे गरोदरपणातल्या सोनोग्राफीची कायद्यानं ठेवायची नोंद, भरल्याशिवाय तुमची सोनोग्राफी होत नाही आणि तो भरायला कुरकुर करू नका. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशाचा कायदा १९९४चा, महाराष्ट्रानं आपला त्याआधीच १९८८ला केला होता. भिंतीवरचा तो बोर्ड शोभेचा नाही.

डोक्याला मार लागला, गाडीवरून पडले, उलट्या होतायत, गुंगी आहे, तर सीटी. इथे एमआरआयचा हट्ट धरणारे नातेवाईक वेळ घालवतात. ताजं रक्त सीटीत मेंदूपेक्षा पांढरं दिसतं आणि काम मिनिटांत उरकतं. एमआरआयला वीस-तीस मिनिटं न हलता पडावं लागतं. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाला ते कसं जमणार? अर्धांगाचा झटका आला तरी पहिला प्रश्न हाच, की रक्त सांडलंय की गुठळी अडकलीय. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि रक्तस्राव असताना दिलं तर घात होतो. मात्र गुठळीच्या झटक्यात पहिल्या काही तासांत सीटी नॉर्मल दिसू शकतं. तिथे एमआरआय सरस. म्हणून ‘सीटी चांगलं आलं’ एवढ्यावर पेशंटला घरी नेऊ नका.

हाड मोडलंय का, याला एक्स-रे पुरतो, समोरून आणि बाजूनं असे दोन फोटो. गुडघा मुरगळून लटपटतो तेव्हा एमआरआय, कारण लिगामेंट आणि गादी एक्स-रेत दिसतच नाहीत.

आता कंबर. आमच्या एमआरआयच्या यादीत सगळ्यात जास्त नावं तिचीच, आणि माझं सगळ्यात जास्त भांडणही तिच्याशीच. कंबर आठ दिवस दुखली की लोक एमआरआय करून मोकळे होतात. रिपोर्टमध्ये ‘एल४-एल५ डिस्क बल्ज’, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती फुगलीय, असं वाचलं की घरात सुतक. २०१५ साली एका आढाव्यात कसलंही दुखणं नसलेल्या ३,११० माणसांचे स्कॅन एकत्र पाहिले गेले. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या होत्या, ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या. फुगलेली चकती विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४ टक्के. यांची कंबर दुखत नव्हती बरं का! केस पिकतात तशा चकत्याही पिकतात. म्हणजे एमआरआय खोटं बोलत नाही, पण जे दिसतं तेच दुखतंय हे त्याला ठाऊक नसतं. ते पायाची ताकद, संवेदना, रिफ्लेक्स तपासणाऱ्या डॉक्टरला कळतं.

साधारण सहा आठवडे औषध, व्यायाम, हालचाल यांना द्या. थांबायचं नाही ते कधी? लघवी-शौचावरचा ताबा सुटला, बसायच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचलेना, तर त्याच दिवशी. ताप, वजन घटणं, पूर्वी कॅन्सर किंवा टीबी झालेला असणं, मोठी पडझड, यातलं काही असेल तरी दम धरू नका. मणक्याचा टीबी आपल्याकडे दुर्मीळ नाही. आणि कमरेचा ‘सहज म्हणून’ काढलेला एक्स-रे? त्यात मणके दिसतात. चकती नाही, नस नाही.

त्या एक्स-रेचा डोसही छातीच्या फोटोपेक्षा बराच जास्त असतो. किरणांचा डोस मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. मोजमाप असं: निसर्गातूनच जगभर सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट किरण आपल्याला मिळतात. छातीचा एक फोटो ०.१ किंवा त्याहून कमी, डोक्याचं सीटी २च्या आसपास, पोटाचं ८ ते १०. सोनो आणि एमआरआयमध्ये शून्य. गरज असेल तर सीटीला घाबरू नका. पण गावात एक, तालुक्याला दुसरं, जिल्ह्याला तिसरं असं होऊ देऊ नका; जुनी फिल्म आणि सीडी पिशवीत ठेवा.

एमआरआयचा धोका वेगळाच. त्याचा चुंबक रात्रीसुद्धा चालू असतो. २०१८मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन खोलीत शिरलेला तरुण नातेवाईक सिलिंडरसकट खेचला जाऊन दगावला. म्हणून आम्ही साडीची सेफ्टी पिन, केसातला आकडा, सगळं काढायला लावतो. परवा एका मावशींची जोडवी निघेनात, चाळीस वर्षांत बोटात रुतलेली. चांदी ओढली जात नाही, पण तापू शकते. अर्धी साबणवडी आणि पंधरा मिनिटं गेली. त्या मध्येच म्हणाल्या, “लग्नात घालताना एवढी रडले नव्हते.” पेसमेकर, मेंदूतली क्लिप, बंद जागेची भीती, हे आत जायच्या आधी सांगा, बेल दाबून नव्हे. आणि चुंबकाची ताकद १.५ टेस्ला की ३? कमरेसाठी १.५ पुरेसा आहे, त्यावरून दुसऱ्या शहरात जाऊ नका.

खर्चाचं म्हणाल तर एक्स-रे काही शेकड्यांत, सोनो हजाराच्या आगेमागे, सीटी काही हजार, एमआरआय त्याहून वर.

व्यापारी शेवटी चिठ्ठीवरचंच करायला तयार झाले. दुसऱ्या दिवशी उपाशी आले. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टर मॅडमनी त्यांना डाव्या कुशीवर वळायला सांगितलं, आणि पडद्यावर पित्ताशयातला पांढरा खडा गोटीसारखा घरंगळत खाली आला. त्यांनी मान वळवून बघितलं आणि विचारलं, “हा शिवनेरीत दिसला नसता का?”

“दिसला असता,” मी म्हटलं, “पण तिकीट कितीचं?”