खळ्यातला कॅमेरा: गावच्या घराची दुरुस्ती आठ महिने दुरून पाहताना

दापोली तालुक्यातील आमचे चिरेबंदी कौलारू घर ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात अर्धे उघडे पडले. काही पावसाळे ते ताडपत्रीखाली निभावले आणि मागच्या ऑक्टोबरात एकदाची दुरुस्ती काढली. मी म्युनिकला असतो. धाकटे काका वरच्या वाडीत राहतात, पण त्यांचे गुडघे आता रोजची घाटी उतरू देत नाहीत. म्हणून सिमकार्डावर चालणारा, सौर पॅनेल जोडलेला एक फिरता कॅमेरा सुमारे ६,००० रुपयांना घेऊन खळ्यात बसवला. त्याला आता आठ महिने झाले.

पहिला महिना बसवाबसवीतच गेला. घर खोलगट जागी असल्याने एका कंपनीचे सिम रेंजच धरेना. दुसऱ्या कंपनीचे चालले, तेही कॅमेरा भिंतीवरून काढून खांबावर चढवल्यानंतर. पॅनेल फणसाच्या सावलीत लावले होते, त्यामुळे दुपारी दोनच्या सुमारास बॅटरी मान टाकत असे. ते दक्षिणेकडे तोंड करून मोकळ्यावर आणल्यापासून मेपर्यंत ही तक्रार राहिली नाही. हालचाल टिपून फोनवर सूचना देण्याची सोय मात्र गावात निरुपयोगी आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. वानरांची टोळी आली की सूचना, झावळी हलली की सूचना. रात्री तर एक कोळी भिंगासमोर जाळे विणत असे, आणि कॅमेऱ्याच्या अवरक्त दिव्यात ते असे उजळून निघे की मागचे घर दिसेनासे होई. काकांच्या शेजारचा मुलगा दर आठवड्याला काठीला फडके बांधून भिंग पुसत असे. कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत या कामाचा उल्लेख नाही.

कोण आले, किती वाजता आले, काय उतरवले, हे कॅमेरा चोख दाखवतो. गवंडी नऊला कामावर येत, तेव्हा हिवाळ्यात माझ्याकडे पहाटेचे साडेचार वाजलेले असत. मार्चअखेर इकडची घड्याळे पुढे गेली आणि मला तासाभराची झोप जास्त मिळू लागली. थेट पाहण्यात डेटा भराभर संपतो, म्हणून पुढे मी मेमरी कार्डावरचे चित्रण संध्याकाळी सावकाश पाहू लागलो. कौले उतरवण्याचे चार दिवस मी जवळजवळ सलग पाहिले. माणसे ओळीने उभी राहून कौल हातोहात खाली देत होती. काकांनी त्यातल्या एका कौलाच्या पाठीचा फोटो पाठवला, त्यावर बासल मिशनचा ठसा होता. या मिशनने १८६५ मध्ये मंगळुरूला कौलांचा कारखाना काढला, आणि ज्या बासलवरून त्याचे नाव पडले ते शहर माझ्यापासून गाडीने काही तासांवर आहे. हा ठसा कॅमेऱ्यात कधीच वाचता आला नसता.

आता चुकीविषयी, आणि ती निम्मी माझीच आहे. जांभा ओल शोषतो आणि सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते आणि काही पावसाळ्यांत गिलावा फुगून सुटतो. म्हणून मागच्या भिंतीला चुन्याचाच गिलावा करायचा, असे मिस्त्रींशी ठरले होते. जानेवारीत एके दिवशी टेम्पोतून सिमेंटच्या बारा गोण्या उतरताना मी पाहिल्या, मोजल्यासुद्धा, आणि न्हाणीघरासाठी असतील असे समजून गप्प बसलो. मागचे दार कॅमेऱ्याच्या टप्प्यात येत नाही. काका दहा दिवसांनी गेले तेव्हा अर्धी भिंत सिमेंटने लिंपून झाली होती. ती खरवडताना चिऱ्यांच्या कडा उडाल्या त्या उडाल्याच. त्यानंतर मी दर शनिवारी काकांना व्हिडिओ कॉलवर घर फिरवायला लावू लागलो. काका कुरकुरत, पण येत.

अशाच एका कॉलवर ओटीवरचा आईनाचा वासा दिसायला धडधाकट होता. काकांनी कोयत्याच्या पाठीने त्यावर ठोकले, आणि भरीव लाकडाच्या टणक आवाजाऐवजी रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. सुताराने पटाशी घातली, तर आतून वाळवीची माती भसाभसा सांडली. कॅमेऱ्याला माइक आहे, पण त्याच्यासमोर येऊन वासा कोण ठोकणार?

दुसऱ्यांदा घेतला तर मी असे दोन स्वस्त कॅमेरे घेईन, एक खळ्यात आणि एक मागच्या दारी, आणि फिरत्या मानेचे पैसे वाचवीन. घरात कॅमेरा मात्र लावणार नाही. माणसे काम करत असताना डोक्यावर डोळा असणे मला बरे वाटत नाही.

मे संपता संपता शाकारणी झाली. आता पाऊस लागला आहे, ढगांमुळे बॅटरी चाळीस टक्क्यांच्या वर चढत नाही आणि चित्र तुटक येते. वळचणीवरून पडणाऱ्या धारा तेवढ्या दिसतात. माजघरात पूर्वी जिथे गळत असे तिथे काकांनी पितळेचे पातेले ठेवले आहे, आणि आठवड्यातून दोनदा ते त्याचा फोटो पाठवतात. परवाच्या फोटोत पातेले कोरडे होते, पण शेजारच्या कोपऱ्यात जमिनीवर हातभर ओला डाग होता.